मागच्या वेळी काही झालं नव्हतं!
पेनिसिलीनचं वावडं : ते अंगात कसं मुरतं, कसं उसळतं आणि आपण काय करायचं



पायात काटा मोडून पू होतो, विळा बोटाला लागतो, पोराचा घसा सुजतो. आपण दवाखाना गाठतो. डॉक्टर विचारतात, "एखाद्या औषधाचं वावडं आहे का?" आणि आपण घाईघाईनं सांगून मोकळे होतो, "छे हो! मागच्या वेळी हीच सुई घेतली होती, काही झालं नव्हतं."

हे उत्तर खोटं नसतं, पण पुरतं नसतं. औषधाचं जे भारी वावडं असतं, त्याची तयारी पुष्कळदा त्या 'काही झालं नव्हतं' म्हणायच्या वेळीच अंगात चाललेली असते. वरून काहीच दिसत नाही. मग पुढच्या खेपेला तीच सुई दहा-पंधरा मिनिटांत माणसाला आडवं करते. असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. पण ज्या घरात घडतं, त्या घराला ते थोडं नसतं. रेडिओवर ऐकलेलं कामाच्या गडबडीत विसरायला होतं, म्हणून हा सगळा विषय या पत्रिकेत सविस्तर दिला आहे. सवडीनं वाचा, घरातल्यांना वाचून दाखवा आणि पत्रिका जपून ठेवा.

आधी औषधाचे उपकार

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. हे वाचून कोणी सुईला भिऊ नये. पेनिसिलीननं जगात असंख्य जीव वाचवले आहेत. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला बुरशीतला हा गुण दिसला. बुरशी जिथं वाढली होती, तिच्या आसपासचे जंतू मरून गेले होते. पुढं १९४१ साली ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला हे औषध टोचलं. त्याच्या अंगात जंतूंचं विष भिनलं होतं. औषध इतकं अपुरं होतं की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलीन गोळा करून पुन्हा त्यालाच दिलं. तो सुधारू लागला, पण औषध संपलं आणि बिचारा दगावला. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५५ पासून तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं आणि हे औषध देशात सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागलं.

तेव्हा औषध गुणाचंच आहे. प्रश्न आहे तो आपल्या शरीराच्या राखणीचा. तीच राखण कधीकधी चुकते.

वावडं कशाला म्हणायचं, कशाला नाही

गोळ्या घेतल्यावर पोट ढवळलं, जुलाब झाले, तोंड कडू झालं, सुई टोचलेली जागा दुखली, तर आपण म्हणतो, "मला हे औषध सोसत नाही." हा त्रास खरा आहे, पण ते वावडं नव्हे. प्रतिजैविकानं पोटातले उपयोगी जंतूही मरतात, म्हणून जुलाब होतात. सुई पाहून घेरी येणं हेही वावडं नव्हे. तशा घेरीत माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो, नाडी मंद होते, आणि आडवं केलं की थोड्या वेळात तो सावध होतो.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती औषधालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, तेव्हाच त्याला वावडं, म्हणजे अ‍ॅलर्जी म्हणायचं. ही चूक कशी होते ते समजून घेतलं, तर पुढची काळजी का घ्यायची ते कुणी वेगळं सांगायला नको.

धोतराचं कुसळ

पिकात पाखरं उतरू नयेत म्हणून आपण राखणदार ठेवतो. शरीरातही असे राखणदार आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेली वस्तू चाचपून बघतात. आपली असेल तर सोडून देतात, परकी असेल तर तिच्याविरुद्ध प्रतिपिंड नावाची हत्यारं घडवतात. एका शत्रूसाठी घडवलेलं प्रतिपिंड त्या शत्रूलाच बरोबर बसतं, जशी एका कुलपाला एकच किल्ली.

आता पेनिसिलीनचा कण इतका लहान असतो की तो एकटा असता तर राखणदाराच्या नजरेत भरलाच नसता. पण त्याची खोड अशी की तो रक्तातल्या प्रथिनांना जाऊन घट्ट चिकटतो. माळरानातून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटतात ना, तसंच. धोतर आपलंच, पण कुसळानं ते वेगळं दिसायला लागतं. राखणदार बघतो आणि म्हणतो, "हे आपलं नव्हे!" आपलंच प्रथिन, पण औषध चिकटल्यामुळं त्याला ते परकं वाटतं. बहुतेकांच्या शरीरात ही गोष्ट तिथंच मिटते. काही थोड्यांच्या शरीरात मात्र तिच्याविरुद्ध हत्यार घडवायचा हुकूम सुटतो.

पहिली खेप : मुकाट तयारी

प्रतिपिंडांच्या पाच जाती आहेत. त्यांतली एक जात म्हणजे आयजीई. रक्तात ती सगळ्यांत कमी असते. पोटातले जंत आणि विषारी दंश यांच्याविरुद्ध तिचा उपयोग होतो. अ‍ॅलर्जीत मात्र हीच जात निरुपद्रवी वस्तूविरुद्ध तयार होते.

ही आयजीई रक्तात फार वेळ फिरत राहत नाही. ती मास्ट पेशी नावाच्या पेशींवर जाऊन बसते. या पेशी कातडीखाली, श्वासनळीच्या भिंतीत, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेनं वस्तीला असतात. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानं १८७८ साली त्यांना हे नाव दिलं. त्याला त्या दाणे भरलेल्या, चांगल्या पोसलेल्या पेशी वाटल्या. ते दाणे म्हणजे दारूगोळाच. त्यांत हिस्टामिन आणि तसली इतर जहाल द्रव्यं ठासून भरलेली असतात. अशा एकेका पेशीवर आयजीईच्या हजारो किल्ल्या लटकू लागतात.

या सगळ्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर सुईचा कोर्स संपलेला असतो, जखम भरलेली असते, माणूस पुन्हा नांगराला लागलेला असतो. त्याला खाज नाही, पुरळ नाही, ताप नाही. तो सांगतो, "काही झालं नाही." त्याच्या परीनं ते खरंच आहे. पण आत कोठारं भरून ठेवलेली असतात आणि वातीवर हात ठेवून राखणदार बसलेला असतो.

दुसरी खेप : ठिणगी

पुढं महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेच औषध पुन्हा अंगात जातं. औषध चिकटलेलं प्रथिन मास्ट पेशीजवळ येतं आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडून धरतं. एकीला धरून भागत नाही, दोन जोडल्या की वात पेटते. काही क्षणांत दाणे फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. हे एका जागी होत नाही. रक्तातून औषध सगळीकडे पोचलेलं असतं, त्यामुळं सगळ्या अंगातली कोठारं जवळजवळ एकाच वेळी उडतात. म्हणूनच सुईनं दिलेल्या औषधाचा झटका गोळीपेक्षा लवकर आणि बहुधा जास्त जोराचा येतो. तरी गोळीनंही असा झटका येऊ शकतो, हे विसरू नका.

आता कुठं काय होतं ते बघा :

कातडीत हिस्टामिन सुटलं की खाज सुटते, अंग लाल होतं, गांधी उठतात. ओठ, पापण्या, जीभ सुजतात.

श्वासनळीत सुटलं की नळ्या आवळतात, छाती भरून येते, श्वासाला सूं-सूं आवाज येतो. घसा सुजला तर आवाज बसतो, आवंढा गिळवत नाही.

पोटात सुटलं की मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात.

रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम सगळ्यांत घातक. पाटाला जागोजाग भगदाडं पडली आणि पाट रुंदही झाला, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का? तसंच इथं होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि काही मिनिटांत रक्तातल्या पातळ भागाचा तिसरा हिस्सासुद्धा आजूबाजूला झिरपून जाऊ शकतो. रक्तदाब उतरतो, मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस कोसळतो.

या अवस्थेला डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलं. समुद्री प्राण्याच्या विषाचा थोडा डोस त्यांनी कुत्र्याला दिला, तो त्याला सोसला. सुमारे तीन आठवड्यांनी तसाच थोडा डोस पुन्हा दिला, तर कुत्रं अर्ध्या तासाच्या आत मेलं. पहिल्या डोसानं अंग सरावेल अशी त्यांची अटकळ होती. घडलं उलटंच. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण हा घोटाळा करणारी आयजीई सापडायला १९६६-६७ साल उजाडलं. अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले शास्त्रज्ञ यांनी ती वेगवेगळी शोधून काढली.

"मी तर हे औषध कधीच घेतलं नाही"

असं म्हणणाऱ्यालाही झटका येऊ शकतो. एक तर लहानपणी पाजलेल्या औषधाचं नाव कुणाच्या लक्षात असतं? पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांत काय होतं, तेही ठाऊक नसतं. पहिली खेप होऊन गेलेली असते, फक्त तिची नोंद नसते.

दुसरं असं की, काही औषधांना आयजीईची गरजच लागत नाही. व्हॅन्कोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं मास्ट पेशीच्या एका वेगळ्याच कडीला हात घालून थेट दाणे फोडू शकतात. ही कडी कोणती, ते २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. अशा औषधाचा त्रास पहिल्या डोसालाही होऊ शकतो. म्हणून प्रतिजैविकाची कोणतीही सुई घेतली, तरी पुढचा नियम एकच : निदान अर्धा तास दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायचं. एसटी चुकली तर चुकू द्या. हा झटका बहुधा पहिल्या काही मिनिटांत ते तासाभरात येतो. तो यायचाच असेल तर दवाखान्यात आलेला बरा, वाटेत सायकलवर नको.

झटका आला तर काय करायचं

सुईनंतर खाज, गांधी, ओठाची सूज, घशात दाटणं, धाप, उलटी, चक्कर यांतलं काहीही सुरू झालं, तर "बघू थोडा वेळ" म्हणू नका. ताबडतोब डॉक्टरांना, नर्सला हाक मारा. काही वेळा गांधी उठतच नाहीत, माणूस थेट कोसळतो, हेही ध्यानात असू द्या.

१. सलाइनमधून औषध चालू असेल तर लगेच बंद करायला सांगा. गोळी असेल तर पुढची देऊ नका.

२. माणसाला सपाट आडवं झोपवा आणि पायाखाली गाठोडं ठेवून पाय उंच करा. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं. धाप फार असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, पण पाय लांब पसरलेलेच असू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर.

३. त्याला उठवून उभं करू नका, चालवत नेऊ नका. जे थोडं रक्त हृदयाकडे येत असतं, तेही उभं केल्यावर पायांत उतरतं. अशा वेळी एकदम उभं केल्यानं माणसं दगावलेली आहेत.

४. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

५. दवाखान्याबाहेर असाल तर १०८ क्रमांकावर फोन करा आणि "औषधाचं भारी रिअ‍ॅक्शन आलंय" असं स्पष्ट सांगा.

या झटक्यावरचं पहिलं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. डॉक्टर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, पाझर कमी करतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींतून आणखी दाणे फुटायला अटकाव करतं. उतार पडला नाही, तर पाच मिनिटांनी डॉक्टर पुन्हा देतात. अंगावर पित्त उठल्यावर घ्यायच्या गोळीनं खाज थांबते, पण उतरलेला रक्तदाब आणि आवळलेली श्वासनळी तिनं सावरत नाही. तेव्हा गोळी दिली म्हणून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅड्रेनॅलिन स्वस्त औषध आहे. सुई घेण्याआधी "डॉक्टर, अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी आहे ना?" एवढं विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

झटका ओसरला तरी लगेच घरी पळू नका. काहींना काही तासांनी दुसरी लाट येते. डॉक्टर थांबा म्हणतील तितके तास थांबा. ज्यांना दमा आहे त्यांनी तर अधिक जपावं, कारण त्यांना झटका जास्त जड जातो.

उशिरा येणारं वावडं

सगळंच वावडं मिनिटांत येत नाही. शरीराच्या राखणीत आणखी पथकं आहेत, तीही चुकतात. कधी प्रतिपिंडं औषध चिकटलेल्या तांबड्या पेशींवरच हल्ला करतात, पेशी फुटतात, माणूस पांढरा-पिवळा पडतो. कधी औषध आणि प्रतिपिंड यांच्या गुठळ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. मग एक ते तीन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आणि पुरळ येतं. आणि कधी टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःच कातडीवर तुटून पडतात. त्यातलं साधं पुरळ औषध थांबवलं की जातं. पण औषध सुरू केल्यापासून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप येऊन डोळे लाल झाले, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड आले, कातडी दुखू लागली, सोलवटू लागली, तर ते जीवघेणं दुखणं असू शकतं. सल्फाच्या गोळ्यांनी आणि इतरही काही औषधांनी हे होतं. औषध तिथल्या तिथं थांबवा आणि त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा. ज्या औषधानं हे झालं, ते जन्मात पुन्हा घ्यायचं नाही.

नावाची चिठ्ठी

शरीर औषधाची ओळख विसरत नाही. आपण मात्र नाव विसरतो, तिथंच घात होतो. "लाल-पिवळी कॅप्सूल होती" एवढ्यावरून कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. म्हणून ज्याला त्रास झाला असेल त्यानं डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्यावी. तिच्यात इतकं असावं : औषधाचं मूळ नाव, तारीख, औषध घेतल्यावर किती वेळानं काय झालं, आणि त्यावर काय उपचार केले. मूळ नाव यासाठी की एकच औषध बाजारात अनेक कंपन्यांच्या नावांनी विकलं जातं. ही चिठ्ठी रेशनकार्डासारखी जपा. एक प्रत पाकिटात ठेवा आणि घरातल्या दोघा-तिघांना नाव पाठ करायला लावा, कारण बेशुद्ध माणूस नाव सांगू शकत नाही.

औषधांचं गोत्रही ओळखायला हवं. अ‍ॅम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लॉक्सासिलीन ही पेनिसिलीनचीच भावंडं. सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही चुलत घराण्यातली. चुलत घराण्यातल्या काहींचा तोंडवळा पेनिसिलीनच्या भावंडांशी जुळतो. तिथं राखणदार फसण्याची शक्यता जास्त. बाकीच्यांशी बहुतेक वेळा जमून जातं. कुठलं चालेल, कुठलं नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपलं काम नाव सांगण्याचं. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणं आणि दुकानदाराला विचारून "एक स्ट्राँग गोळी" घेणं, हे दोन्ही बंद करा.

खोटा शिक्काही नको

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ते ठीक, पण कधीच पोळलं नसताना जन्मभर फुंकत बसणंही बरं नव्हे. परदेशांत मोठमोठ्या इस्पितळांतून तपासण्या झाल्या. "मला पेनिसिलीनचं वावडं आहे" असं सांगणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांना तपासणीत ते नव्हतंच. कुणाला जुलाब झाले होते, कुणाला विषाणूच्या तापातलं पुरळ होतं आणि शिक्का औषधावर बसला. शिवाय खरं वावडंही ओसरतं. औषधाशी गाठ पडली नाही, तर आयजीई हळूहळू कमी होते. दहा वर्षांनी दहांपैकी सुमारे आठ जणांचं वावडं गेलेलं असतं.

यानं फरक काय पडतो? समजा, एखाद्या मुलाला सांधेताप होऊन हृदयाच्या झडपांना इजा झाली आहे. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनची लांब पल्ल्याची सुई वर्षानुवर्षं घ्यायची असते. खोट्या शिक्क्यापायी ती बंद झाली, तर झडप आणखी खराब होते. म्हणून जुना शिक्का असेल तर मोठ्या इस्पितळात तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. घरी गोळीचा तुकडा खाऊन बघणं, हा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

गोठ्यातही हाच नियम

गाई-म्हशींनाही हा झटका येतो. गुरांमध्ये त्याचा जोर फुप्फुसावर असतो. सुईनंतर जनावर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, पापण्या, ओठ किंवा निरण सुजली, अंगावर गांधी उठल्या, थरथरून बसकण मारली, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. जनावरांसाठी १९६२ हा मदतीचा क्रमांक आहे. तिथंही उपचार अ‍ॅड्रेनॅलिनचाच. म्हणून ऐकीव माहितीवर स्वतः सुई टोचू नका आणि टोचल्यावर अर्धा तास जनावरावर नजर ठेवा.

दुसरी गोष्ट दुधाची. कासदाह, म्हणजे दगडी झाली की सडात पेनिसिलीनच्या जातीची ट्यूब सोडतात. ते औषध दुधात उतरतं. एकाच सडात सोडलं तरी रक्तावाटे ते बाकीच्या सडांतही जातं, म्हणून चारही सडांचं दूध बाजूला ठेवायचं. किती दिवस, ते ट्यूबवर लिहिलेलं असतं आणि पशुवैद्यक सांगतात. दूध उकळून पेनिसिलीन पुरतं जात नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा दर किलो दुधाला चार मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजार किलो दुधात अवघं चार मिलिग्रॅम. एका ट्यूबमध्ये त्याच्या कित्येक पट औषध असतं. तेव्हा एका गाईचं दूध डेअरीचा अख्खा टँकर बिघडवू शकतं. ज्याला भारी वावडं आहे त्याला असल्या दुधानंही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. असल्या दुधाचं दहीसुद्धा नीट लागत नाही, कारण विरजणाचे जंतूच मरतात. चार दिवसांच्या पैशांसाठी कुणाच्या लेकराचा जीव टांगणीला लावायचा नाही, एवढं आपण ठरवू या.

मनातले काही प्रश्न

प्रश्न : आधी कातडीखाली थोडं औषध टोचून बघतात. ते ठीक निघालं म्हणजे धोका टळला ना?
उत्तर : धोका कमी झाला, टळला नाही. चाचणी नीट निघूनही कधी झटका येतो, आणि क्वचित चाचणीच्या थेंबानंही येतो. म्हणून चाचणीनंतरही थांबायचं आणि अ‍ॅड्रेनॅलिन तयार हवंच.

प्रश्न : डोस अर्धा घेतला तर चालेल का?
उत्तर : नाही. एकदा मास्ट पेशी सज्ज झाल्या की ठिणगीला थोडंसं औषधही पुरतं. अर्ध्या डोसानं रोगही बरा होत नाही.

प्रश्न : वडिलांना वावडं आहे, म्हणून मुलांनी ते औषध टाळावं का?
उत्तर : तेवढ्यावरून टाळायचं कारण नाही. आयजीई ज्याच्या त्याच्या अंगात तयार होते. डॉक्टरांच्या कानावर मात्र घालावं.

थोडक्यात ध्यानात ठेवा

मागच्या वेळी काही झालं नव्हतं, ही पुढच्या वेळची हमी नव्हे.
सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा.
झटका आल्यास आडवं झोपवा, पाय उंच करा, उभं करू नका. अ‍ॅड्रेनॅलिन पहिलं.
औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर आणि घरच्यांच्या तोंडी असू द्या.
जुलाब, मळमळ म्हणजे वावडं नव्हे. जुना शिक्का तज्ज्ञांकडून तपासून घ्या.
ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध मुदत संपेपर्यंत डेअरीला घालू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "कशाचं वावडं आहे का?" तर क्षणभर थांबा, आठवा, घरच्यांना विचारा आणि मग उत्तर द्या. त्या एका क्षणाला पैसे पडत नाहीत.